दार अडकतंय, भाव पटत नाही आणि आजोबांचा रंधा: गाळ्यातून उत्तरं

पाऊस लागला की मला दोनच प्रकारचे फोन येतात, एक 'दार लागत नाहीये' आणि दुसरा 'गणपतीच्या आधी चौरंग मिळेल का'. या महिन्यात संपादकांनी पाठवलेल्या गठ्ठ्यातही तेच, निम्मे प्रश्न दारांचे. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की चिंचपोकळीला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे, चारशे चौरस फुटांचा, मला धरून पाच माणसं, आणि आम्ही ऑर्डरप्रमाणे दारं, खिडक्या, टेबलं, कपाटं करतो. रेडिमेड काही ठेवत नाही कारण ठेवायला जागाच नाही. बाबा गिरणीत सुतारखात्यात होते, १९८२ चा संप लागला आणि परत कामावर जाणं काही झालंच नाही, तेव्हा त्यांनी चाळीच्या गॅलरीत बसून पाट आणि स्टुलं करून विकायला सुरुवात केली, तिथून हे सगळं. प्रश्न थोडे कापून छापलेत, राग नसावा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सागवानाचं मेन डोअर करून घेतलं, पैसेही चांगले मोजले. जुलैत ते चौकटीत अडकायला लागलं, मिस्त्री येऊन रंधा मारून गेला. डिसेंबरमध्ये त्याच बाजूने जिन्यातला उजेड दिसत होता आणि आता पाऊस सुरू झाल्यावर परत अडकतंय. आम्हाला कच्चं लाकूड देऊन फसवलं का? (वाचक, गिरगाव)

उत्तर: फसवलं असेलच असं नाही, पण घाई झालीय हे नक्की, आणि ती दोनदा झालीय, एकदा बसवताना आणि एकदा रंधा मारताना. लाकूड कापलं, सुकवलं, वर पॉलिश मारलं तरी ते हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं, कायमचं. मुंबईत पावसाळ्यात त्याच्यात सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास ओल असते आणि कोरड्या महिन्यांत ती अकरा-बारापर्यंत उतरते. आता गंमत अशी की लाकूड फुगतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाहीच. सात फुटी दार उंचीला वाढून वर घासतंय असं तुम्ही कधी ऐकलं नसेल.

सागवान तसं यात शहाणं लाकूड. ओल एक टक्क्याने बदलली तर सागाची फळी रुंदीला साधारण ०.२ टक्के हलते. म्हणजे दहा इंचांची फळी असेल आणि ओलीत पाच टक्क्यांचा फरक पडला तर ती अडीच मिलिमीटर कमीजास्त होणार, आमच्या भाषेत जवळजवळ एक सूत, कारण एका इंचात आठ सूत. तुमचं दार तीन फुटांचं आहे आणि फळीला फळी चिकटवून अख्खं सपाट केलेलं असेल, तर हाच हिशोब तीन सुतांच्या आसपास जातो आणि तेवढी फट कुठलाच मिस्त्री सोडत नाही, कारण सोडली तर तुम्हीच त्याला त्याच दिवशी ओरडाल.

म्हणून तर जुन्या लोकांनी चौकटीत पॅनेल बसवायची पद्धत काढली. दोन उभ्या पट्ट्या, तीन-चार आडव्या, कुसू (टोकाला काढलेली जीभ) आणि खाच करून एकमेकांत घट्ट, आणि मधलं पॅनेल त्यांच्या खाचेत सैल. पॅनेलला फेव्हिकॉल लावायचाच नाही, मग ते आतल्या आत फुगतं आणि आवळतं, दाराची बाहेरची रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांपुरती. आमच्याकडे एक नवीन पोरगा होता, त्याने एका दाराच्या पॅनेलला चारही बाजूंनी मन लावून फेव्हिकॉल भरला. दिसायला एक नंबर. मे महिन्यात रात्री अकराला क्लायंटचा फोन, घरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि दार मधोमध उभं चिरलंय. दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला सोबत नेलं आणि चिरेत त्याला स्वतःचं नख घालून बघायला लावलं, बाकी काही बोललो नाही.

तर आता काय करायचं? आधी बिजागऱ्या बघा. निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतंच, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन ते खाली बसलेलं असतं आणि लोक उगाच रंधा मारत सुटतात. बिजागरी ठीक असेल तर दार लावून फटीत एक कागदाची पट्टी वरून खाली फिरवा, जिथे अडकते तिथे पेन्सिलची खूण करा. मग मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून दाराच्या खालून सरकवा आणि खालची कड बघा, मी पैज लावतो ती कोरी असणार, पॉलिशचा एक हात नाही. तिथून लाकूड बोरूसारखं पाणी ओढतं. वरची कडही तशीच असेल, स्टुलावर चढून बघा.

आत्ता जुलैत भरपूर रंधा मारून घेऊ नका, अगदीच उघडत नसेल तर खुणेपुरता हलका हात मारा आणि पाऊस संपून हवा कोरडी झाली की दार काढून चारही कडांना पॉलिश करून घ्या. नंतरचं फुगणं-आवळणं बरंच कमी होईल, थांबणार मात्र नाही. बाबा मे महिन्यात दार बसवताना फटीत दोन नाणी एकत्र सरकवून बघायचे आणि पावसाळ्यात बसवताना नुसतं पोस्टकार्ड. तुमचं दार एप्रिलमध्ये पोस्टकार्डाच्या मापाने बसलंय.

प्रश्न: सहा बाय तीनच्या डायनिंग टेबलासाठी तुमच्यासारख्याच एका वर्कशॉपचं क्वोटेशन घेतलं. आकडा बघून माझे मिस्टर म्हणाले यात सोन्याचे पाय आहेत का. ऑनलाईन तसंच टेबल निम्म्याहून कमी किमतीत दिसतंय. फरक नक्की कसला? (वाचक, मुलुंड)

उत्तर: मिस्टरांना सांगा, सोनं असतं तर बरं झालं असतं, फुगलं नसतं.

हिशोब मांडूया, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच आम्हाला पकडाल. लाकूड घनफुटात विकतात, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. वरची फळी एक इंचाची हवी तर सव्वा इंचाचं कोरं लाकूड लागतं, सहा फूट बाय छत्तीस इंच, ते झालं सुमारे पावणेदोन ते दोन घनफूट. चार पाय तीन बाय तीनचे, अडीच फूट उंच, ते सगळे मिळून अर्ध्या घनफुटाच्या थोडं वर. खालच्या पट्ट्या अर्धा घनफूट. झाले तीन. पण वखारीतून तीन आणून टेबल होत नाही, गाठ निघते, टोकाला चीर निघते, पांढरा भाग कापून टाकावा लागतो, तर चार धरा. या चाराला तुम्ही आजचा सागाचा भाव लावा, म्हणजे लाकडाचा आकडा कळेल, आणि तो एकूण क्वोटेशनच्या बराच खाली दिसेल. उरलेला पैसा दिवसांचा.

लाकूड गाळ्यात आलं की आम्ही ते पट्ट्या लावून रचून ठेवतो, दोन-तीन आठवडे, म्हणजे ते आमच्या हवेला रुळतं. मग सरळ करायचं आणि परत दोन दिवस सोडायचं, कारण वरचा थर निघाला की फळी आतला ताण सोडते आणि थोडी वळते, तेव्हा तिला परत सरळ करायचं. या दिवसांत कोणी काही करताना दिसत नाही, आणि क्लायंट नेमका त्याच दिवसांत 'सहज इकडून जात होतो' म्हणून डोकावतो. त्याला दिसतं रचलेलं लाकूड आणि चहा पिणारी माणसं. सागात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी सांध्यावर थिनरचा फडका मारायला लागतो, नाहीतर फेव्हिकॉल नीट धरत नाही. हे सगळं धरून आमच्याकडे असं टेबल दोन माणसांचे नऊ-दहा दिवस खातं, रचून ठेवलेला काळ सोडून.

ऑनलाईनवालं टेबल वाईटच असं मी म्हणणार नाही. त्यातलं बरंचसं जोधपूरकडून येतं, शिसम किंवा आंब्याच्या लाकडाचं, काम साफ असतं, पण ते वाळवंटाच्या हवेत बनलेलं असतं आणि येऊन राहतं तुमच्या मुलुंडच्या पावसात. घ्यायचंच असेल तर टेबलाखाली वाकून बघा, वरची फळी खालच्या पट्ट्यांना कशी धरलीय. सरळ स्क्रूने आवळून टाकली असेल तर दोन वर्षांत फळीला चीर जायचा चान्स चांगलाच. लाकडी बटणं किंवा लांबट भोकातले स्क्रू असतील, म्हणजे फळीला सरकायला जागा ठेवलेली असेल, तर ज्याने बनवलंय त्याला कळतंय, घेऊन टाका. आमचं क्वोटेशन कमी करायचं असेल तर पाय आणि पट्ट्या सागाच्या ठेवा आणि वरचा भाग प्लायवर सागाचं व्हिनियर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा, कडेला सागाची पट्टी. टिकतं, हलत नाही, आणि मिस्टरांना सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

प्रश्न: सागवान घ्यायचंय. वखारवाला म्हणतो शुद्ध बर्मा, मिस्त्री म्हणतो शुद्ध बर्मा, आणि आमचे एक नातेवाईक म्हणतात बर्मा आता येतच नाही. खरं कोण? (वाचक, ठाणे)

उत्तर: नातेवाईकांचं निम्मं खरं. म्यानमारने, म्हणजे जुन्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातली, त्यानंतर तिकडून यायचं ते कापलेल्या मालाच्या रूपात. पण रे रोडला किंवा दारुखान्यात वखारीत गेलात तर समोर जे रचलेलं दिसतं त्यातलं बरंच आफ्रिकेतलं नाहीतर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं असतं. तेही सागच, जात तीच, फक्त भराभर वाढलेलं आणि कमी वयात तोडलेलं, म्हणून त्यात गाभा कमी आणि बाहेरचा पांढरट भाग जास्त. हा पांढरा भाग म्हणजे वाळवी आणि भुंग्याचं जेवण. गाभ्याला सहसा हात लागत नाही.

तुम्ही नावाच्या मागे लागू नका, फळीचं टोक बघा. पांढरा पट्टा किती आहे, रेषा किती जवळजवळ आहेत, ते मोजा. नुकतंच कापलेलं असेल तर वास घ्या, चामड्यासारखा जड वास येतो आणि हाताला किंचित मेणचट लागतं. काही ठिकाणी पांढऱ्यावर रंग चढवून ठेवतात, तिथे थिनरचा फडका फिरवा, फडका तांबडा झाला तर तुम्ही तांबडे व्हायच्या आधी निघा. आणि आपल्या घरचं चंद्रपूर-बल्लारशाचं सागवान कमी समजू नका, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड तिकडूनच गेलं. लोकांना ते सांगितलं की मान डोलावतात आणि मग परत विचारतात, पण बर्मा आहे ना?

खरं बर्मा हवंच असेल तर एक रस्ता आहे, जुन्या चाळी आणि बंगले पाडतात तिथल्या तुळया, जिने, चौकटी. ते लाकूड शंभर-शंभर वर्षं मुंबईच्या पावसात राहून शांत झालेलं असतं, त्याच्यासारखं काम करायला दुसरं लाकूड नाही. पण त्यात खिळे असतात. गिरगावच्याच एका पाडलेल्या चाळीची तुळई आम्ही आणली होती, मीच लोहचुंबक फिरवून अठ्ठावीस खिळे काढले, मोजून, आणि छाती फुगवून मशीनवर चढवली. एकोणतिसावा आत तुटून राहिलेला, वर लाकडाने मिटवून घेतलेला. ठिणगी उडाली, तिन्ही पाती गेली, आणि त्या दिवशी बाबा गाळ्यात आले होते, ते फक्त म्हणाले, आम्ही आधी हाताने रंधायचो ते काय मशीन नव्हतं म्हणून नाही.

म्हणजे मशीन नव्हतं म्हणूनच, पण मी तेव्हा वाद घातला नाही.

प्रश्न: प्लायवर ७१० लिहिलेलं म्हणजे वॉटरप्रूफ ना? (वाचक, विरार)

उत्तर: आयएस म्हणजे इंडियन स्टँडर्ड. आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेड, त्याचा सांधा ७२ तास पाण्यात उकळूनही सुटता कामा नये अशी परीक्षा असते. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, त्यातला एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, बेडरूमच्या कपाटाला चालतो, सिंकखाली नाही. दुकानात नुसता आकडा बघू नका, आयएसआयच्या शिक्क्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा कंपनी तीच येते का. आणि मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, स्वयंपाकघरात सगळं नुकसान कडेपासूनच सुरू होतं.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा, कॉमर्सला आहे, मन लागत नाही. म्हणतो सुतारकाम शिकतो. आमच्यात कोणी सुतार नाही. यूट्यूब बघून भूत चढलंय का खरंच काही आहे यात? नातेवाईकांना काय सांगू? (वाचक, कल्याण)

उत्तर: ताई, नातेवाईकांचं मला येत नाही, लाकडाचं सांगतो.

आधी हे की आमच्या पाचात सुतारांच्या घरातले दोघंच. एक रत्नागिरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा आहे, एक राजस्थानचा, आणि एक बीकॉम आहे, तो आमचं बिलिंगही बघतो, तेव्हा कॉमर्स वाया जात नाही. भूत आहे की आवड हे कळायला एक सोपा उपाय आहे, त्याला महिनाभर कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये बिनपगारी नाहीतर नाममात्र पैशावर उभा करा. पहिला महिना त्याला टेबल बनवायला कोणी देणार नाही. झाडू मारायला लागेल, वखारीतून लाकूड उतरवायला लागेल, आणि लाकूड कोरायच्या पटाशीला धार लावायला लागेल, रोज, तीच पटाशी. दगडावर पाणी टाकून पाठ आधी आरशासारखी सपाट, मग पुढची बाजू पंचवीस-तीस अंशात, आणि तो कोन हाताने सांभाळायचा, मनगट हललं की धार गोल झाली. मला स्वतःला पहिली धड धार लावायला अडीच महिने लागले. बाबा हातावरचे केस काढून बघायचे, माझा डावा हात तेव्हा नेहमी गुळगुळीत असायचा आणि कॉलेजात पोरं हसायची. महिन्यानंतर जर तो रविवारी पण हात धुऊन परत गाळ्याकडे निघाला तर भूत नाही.

शिक्षण रीतसर हवं असेल तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, ड्रॉइंग वाचायला तिथे चांगलं शिकवतात आणि सर्टिफिकेट पुढे उपयोगी पडतं. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल पण खूप जण विचारतात म्हणून इथेच सांगून टाकतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ धंदे आहेत त्यात सुतार आहे, ट्रेनिंगच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख मग दोन लाख कर्ज. पण ही योजना आधीपासून हाताने धंदा करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबात एकालाच मिळते, शिकाऊ पोराने आज फॉर्म भरून उपयोग नाही.

पैसा? सुरुवातीला कॉल सेंटरवाला मित्र त्याच्यापेक्षा जास्त कमावेल आणि ते त्याला बोचेल. सात-आठ वर्षांनी चांगल्या हाताच्या मिस्त्रीला मुंबईत काम शोधावं लागत नाही, कामच त्याला शोधतं. मधली वर्षं काढायची तयारी तुमची आणि त्याची दोघांची हवी. आणि लग्नाच्या वेळी 'मुलगा काय करतो' विचारलं की फर्निचर डिझाईन म्हणा, आमच्या बीकॉमवाल्याच्या आईने तेच केलं.

प्रश्न: मी स्वतः मिस्त्री आहे, १८ वर्षं साईटवर. सकाळी उठल्यावर खोकला येतो, नाक कायम चोंदलेलं. मास्क लावला की श्वास कोंडतो. पोरं म्हणतात भुसा खाऊन कोणी मरत नाही. (वाचक, नालासोपारा)

उत्तर: पोरांना सांगू नका मी म्हणतोय, सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर करते हे पक्कं, आणि तो मुख्यतः नाकातला आणि नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतला. तंबाखू त्याच गटात आहे. ही धूळ म्हणजे रंध्याचा मोठा भुसा नव्हे, तो झाडून निघतो. घातक ती बारीक पूड, घासताना आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापताना हवेत तरंगते ती, उन्हाच्या तिरपेत दिसते तेवढीच नव्हे, न दिसणारी पण.

म्हणून आधी डॉक्टरकडे जा, नाक-कान-घशाच्या, आणि धंदा काय करता ते सांगा, ते न सांगता सर्दीचं औषध घेऊन येऊ नका. कापडी मास्क आणि रुमाल काही कामाचे नाहीत, एन-९५ घ्या, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि श्वास कोंडत असेल तर पुढे झडप असलेला मिळतो तो बघा. सँडरला, म्हणजे घासायच्या मशीनला, व्हॅक्यूम जोडा. साईटवर खिडक्या उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावा, आत फिरवू नका. आणि संध्याकाळी झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा, एवढं तरी फुकट आहे.

जाता जाता अजून एक, तुम्ही साईटवर आहात म्हणजे चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावून, गार्ड काढून वापरत असाल. सगळेच वापरतात. मी पण वापरायचो. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख आता अर्धंच उगवतं, आणि तेव्हा मी फक्त एक पट्टी दोन सूत कमी करत होतो, दोन मिनिटांचं काम म्हणून. तो ग्राइंडर लोखंडासाठी बनवलाय. पातं लाकडात फसलं की मशीन हातातून उलटं येतं आणि तेव्हा तुमचा वेग आणि त्याचा वेग यांची बरोबरी नसते. छोटी सर्क्युलर सॉ घ्या, हप्त्यावर घ्या.

प्रश्न: वरच्या मजल्यावर चार महिने सुतारकाम चालू आहे. रविवारी पण ठोकाठोक. काय करावं? (वाचक, बोरिवली)

उत्तर: सोसायटीचा वेळेचा नियम असेल तर सेक्रेटरीला लेखी द्या, आणि नसेल तर आधी वर जाऊन मिस्त्रींना चहा विचारा, मग वेळ विचारा. रविवारचा मार बहुतेक मालकाच्या घाईचा असतो, मिस्त्रीला पण सुट्टी हवीच असते.

प्रश्न: गावचं घर आवरताना आजोबांचा लाकडी रंधा सापडला. पातं गंजलंय, लाकूड काळं पडलंय, एक-दोन ठिकाणी बारीक भोकं आहेत. शोकेसमध्ये ठेवू का वापरता येईल? (वाचक, दादर)

उत्तर: शोकेसमध्ये नको हो, वापरा! गेल्या खंडेनवमीला आमच्या गाळ्यात जी हत्यारं पूजेला मांडली त्यात बाबांचा रंधा होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच रंध्याने आम्ही एका चौकटीच्या कडा मारल्या.

आधी ती भोकं बघा. आपटल्यावर ताजी पिवळी पूड पडत असेल तर कीड जिवंत आहे, रंधा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कीडनाशक वापरा आणि तोपर्यंत घरातल्या फर्निचरजवळ ठेवू नका. पूड पडत नसेल तर ती जुनी भोकं, सोडून द्या. मग पातं काढायचं. इथे सगळे चुकतात, पातं आवळून धरणारी पाचर उपटायला पक्कड लावतात आणि रंध्याचं तोंड फोडतात. रंधा डाव्या हातात धरा, तळवा पाचरीवर आणि पात्यावर ठेवा, आणि रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी ठोकणीने टक टक करा. दोन-चार ठोक्यांत पाचर स्वतःहून सैल होते आणि पातं तळव्यात येतं. लोखंडी हातोडी नको.

गंज काढायला काचपेपर सपाट काचेवर ठेवून पात्याची पाठ घासा, पूर्ण पाठ चमकायची गरज नाही, धारेजवळचा बोटभर भाग सपाट झाला पाहिजे. धारेत खड्डे असतील तर ते संपेपर्यंत घासायला लागेल, कंटाळा येईल, दोन-तीन बैठकांत करा. रंध्याचा तळ काचपेपरवर ठेवून बघा डुगडुगतो का, डुगडुगत असेल तर तो पण सपाट करून घ्या. काळं लाकूड घासून पांढरं करू नका, तो काळेपणा आजोबांच्या हाताचा आहे, फक्त ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या आणि मग अळशीच्या तेलाचा पातळ हात द्या.

ते तेल लावलेला फडका मात्र चुरगळून डब्यात किंवा कपाटात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेला फडका आपोआप धुमसतो, आमच्याकडे एकदा कोपऱ्यातला डबा असाच धूर सोडत होता, नशिबाने जेवायची सुट्टी होती आणि माणसं गाळ्यातच होती. फडका पसरून गॅलरीत दोरीवर वाळत घाला, कडक झाला की मग टाकून द्या. पातं परत बसवताना पाचर हलकीच ठोका, आणि पहिला हात सागावर नको, एखादी मऊ पाईनची पट्टी घ्या. कागदासारखी पातळ सलग पट्टी निघून गुंडाळत वर आली तर मला फोटो पाठवा.